वहीतली तीन रिकामी घरं

मी एके काळी धावत असे, हे आज माझ्याकडे बघून कोणाला पटणार नाही. दोन पायऱ्या चढले की मी भिंतीला हात लावते आणि सुना एकमेकींकडे बघून हसतात. हसोत बापड्या. धुळ्याच्या शाळेत असताना शाळेपासून नदीच्या पुलापर्यंत आणि परत, माझ्या पुढे एकही मुलगी नसायची, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि पुढचं तोंडानं सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव धुळ्यापासून दोन मैलांवर, पांझरेच्या पलीकडे. घरी कापूस, बाजरी, चार बैल, दोन म्हशी. वडिलांना सगळा गाव आबा म्हणायचा. मी दहा वर्षांची असताना आबांनी गळ्यात माळ घातली आणि माळेच्या मागोमाग घरात सोवळं आलं. गावातल्या इतर बायका त्या दिवसांत खुशाल निंदायला जात, कापूस वेचत, कोणी विचारत नसे. आमच्याकडे मात्र बाहेर बसायचं म्हणजे बसायचं. गोठ्याच्या कडेला एक पडवी होती. तिथे गोणपाट, पाण्याचं वेगळं मडकं आणि तीन दिवस. जात्याला हात नाही, हंड्याला हात नाही, चुलीकडे तर बघायचंही नाही. आई भाकरी हातभर वरून टाकायची, मी ओंजळीत झेलायची. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की पुन्हा माणसांत. शाळेत जायला तेवढी मुभा होती, कारण आबांच्या मते शाळा ही आधीच बाटलेली जागा होती, तिला आणखी काय बाटवणार.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. लग्न ठरत नव्हतं म्हणून शाळा चालली होती, एवढाच माझ्या शिक्षणाचा आधार.

शाळेत शिवणाच्या बाई होत्या, त्याच कवायतही घेत. लहानपणीच विधवा झालेल्या, तिशी ओलांडलेल्या, काटक बांध्याच्या. नवऱ्याची एकच वस्तू त्यांच्याकडे होती, ती म्हणजे त्याचं खिशातलं घड्याळ. ते त्या पदराच्या टोकाला बांधून ठेवत आणि आम्ही धावायला लागलो की सोडून हातात घेत. त्या वर्षी पौषात जळगावला मुलींच्या शर्यती व्हायच्या होत्या, आणि त्यात चक्क तीन मैलांची धाव होती. शाळेच्या चालक मंडळींना ते मुळीच पसंत नव्हतं. बायकांना महिन्यातले चार दिवस अंगात बळ नसतं, त्यांना लांबची धाव झेपायची नाही, असं त्यांचं म्हणणं. बाई वाद घालणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी एक वही घेतली, पट्टीनं घरं आखली आणि आम्हा पाच-सहा जणींना म्हणाल्या, "आपण बघून ठेवू. लिहिलेलं असलं की वाद मिटतो."

इतकी शहाणी बाई, पण याच्याइतकं चुकीचं वाक्य त्यांच्या तोंडून दुसरं निघालं नसेल.

वहीत कोणाचं नाव नव्हतं, नुसता हजेरीचा आकडा. माझा सात. आडव्या ओळीत एकेका महिन्याचं घर. पाळी आली की त्या घरात लाल पेन्सिलीचा ठिपका, बाजूला तिथी, आणि खाली त्या दिवसांत धावायला किती मिनिटं लागली ते. आम्ही प्रथम लाजून मेलो. ज्या गोष्टीचं नाव आईसमोरही घ्यायचं नाही, ती शाळेच्या वहीत! पण बाई एकेकीला शिवणाच्या खोलीत बोलावून भाजीचा भाव विचारावा तशा साध्या आवाजात विचारत, "आली का गं?" हळूहळू आम्हीही साध्या आवाजात सांगू लागलो. दोन महिन्यांतच वही बोलायला लागली. एकीचे पाय पहिल्या दिवशी जड व्हायचे, मग ठीक. दुसरीला काडीचाही फरक पडत नसे. आणि सात नंबर तिसऱ्या दिवशी सगळ्यात वेगानं पळत असे.

बाई चकित झाल्या. मी नाही झाले. मला कारण ठाऊक होतं. तीन पहाटे मी दळलं नव्हतं.

एरवी माझा दिवस कसा असायचा ते सांगते. पहाटे जात्यावर आईच्या समोर बसायचं, दोन पायल्या दळायच्या. मग नदीवरून पाण्याच्या खेपा. मग शेणगोठा. ते आटपलं की लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून दोन मैल पळत शाळा, कारण बाई शाळा भरण्याआधी आम्हाला पुलापर्यंत पळवत. रस्त्यात बैलगाड्यांवरची माणसं ओरडायची, "पय वं बाई, पय! गाडी चुकी जाई!" मी मान वर करत नसे. संध्याकाळी परत दोन मैल, आणि परत काम. या सगळ्यात बाहेर बसायचे तीन दिवस म्हणजे माझी दिवाळी होती. सूर्य वर येईपर्यंत मी गोणपाटावर मेल्यासारखी झोपायची. कोणी उठवायला आलं तर शिवेल ना!

आश्विनात अमावास्या आली, माझे दिवस तेव्हाच असायचे, आणि या खेपेला ते आलेच नाहीत. मी घाबरले नाही. मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची, की आता झोप बुडणार. पंधरा वर्षांच्या मुलीची अक्कल ती. मी सकाळी सरळ पडवीत जाऊन गोणपाट अंथरलं आणि बसले. आईनं पाहिलं, हंडा स्वतः उचलला आणि गेली. इतकं सोपं होतं ते. कोरी फडकी नदीवर नेऊन धुवायची आणि मागच्या कुंपणावर वाळत घालायची, एवढीच काय ती मेहनत. कोरी फडकी घासताना मला हसूदेखील यायचं. बाहेर बसण्याचं नाटक कोणी करेल, असं आमच्या घरात काय, साऱ्या खानदेशात कोणाच्या मनात येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

कार्तिकातही आली नाही. तेव्हाही मी बसले.

घरी खोटं, पण बाईंना मात्र मी खरंच सांगत होते. त्यांच्यापुढे खोटं बोलावंसं वाटत नसे. "आली का गं?" "नाही." माझ्या ओळीतलं एक घर रिकामं राहिलं, मग दुसरं. दुसऱ्या वेळी बाईंनी पेन्सिल खाली ठेवली, माझं मनगट हातात घेऊन बोटांनी मोजल्यासारखं केलं आणि विचारलं, "जेवतेस किती?"

मी अर्धी भाकरी खात होते. भरल्या पोटी धावता येत नाही म्हणून रात्रीचं जेवण मी आपल्या मनानंच सोडलं होतं, आणि सकाळी दळणपाणी करून पळायचं तर खायला वेळ कुठे असायचा? घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. मुली शेवटी जेवत, आणि शेवटी जेवणारीनं किती खाल्लं ते कोण बघतं. बाई म्हणाल्या, "माझी आई सांगायची, मोठ्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडायला गेलेल्या कितीतरी बायकांची बंद झाली होती. पोटात काही नाही आणि काम बैलाचं. पुढे अन्न पडलं तशी परत आली. तुझं तेच आहे. महिनाभर धावणं थांबव."

थांबव! जळगाव जेमतेम दीड महिन्यावर होतं. मी त्यांचे पायच धरले. मला तोवर कोणी कशात चांगली म्हटलं नव्हतं. माझा रंग सावळा, दात पुढे, स्वयंपाक बेताचा. लग्नाच्या बोलणीत या तिन्ही गोष्टी माझ्यासमोर निघायच्या. पळण्यात मात्र मी पहिली होते, आणि ते एक माणूस घड्याळ हातात धरून लिहून ठेवत होतं. ते सुटलं असतं तर माझ्याकडे काहीच उरलं नसतं. बाई विरघळल्या. म्हणाल्या, "बरं. धावणं निम्मं कर. या महिन्यात नाही आली तर मात्र मी तुझ्या आईला येऊन भेटणार. तूप-दूध सुरू करायला सांगते. मग बघू जळगावचं."

तेव्हाच मी त्यांना सांगायला हवं होतं, की बाई, येऊ नका, घरी मी दर महिन्याला बाहेर बसते. जिभेवर आलंही होतं. पण सांगितलं असतं तर मी खोटारडी आहे हे त्यांना कळलं असतं. त्यांच्या वहीत मी सात नंबर होते, ते मला तसंच राहायला हवं होतं. मी गप्प बसले, आणि दोन मैल उन्हातून कोण येतंय, असं मनाला समजावलं.

मार्गशीर्षातली अमावास्या. रविवार होता. मी पडवीत गोणपाटावर पाय पसरून पडले होते, तेवढ्यात अंगणात छत्री मिटल्याचा आवाज झाला आणि बाईंचा आवाज आला. मी पाय आवरून उठून बसले.

आईनं त्यांना घोंगडी टाकली, गूळपाणी दिलं. शाळेच्या बाई घरी आल्या म्हणून तिला केवढं अप्रूप. बाईंनी आधी माझं कौतुक केलं असावं, कारण आईचं हसणं ऐकू आलं. मग बाईंचा आवाज खाली गेला. आई लिहिणं-वाचणं शिकली नव्हती, म्हणून बाई वही उघडून तिला बोटानं दाखवत होत्या. ही तिची ओळ. हे ठिपके. आणि ही बघा, तीन घरं रिकामी. काल परवाच तिला विचारलं, नाही म्हणाली.

आई म्हणाली, "बाई, तुमनी काही तरी चूक व्हयनी. मन्ही पोर दर महिनाले बाहेर बसस. मी सोता देखस. आते बी बसेल शे. चला, दखाडस."

दोघी पडवीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आई माझ्याकडे बघून अजून हसत होती. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू माझ्यासमोर उतरलं. बाई गोणपाटाकडे, मडक्याकडे, माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांना सगळं समजलं हे मला समजलं. आईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी मान खाली घातली. मग आई पुढे झाली आणि तिनं माझं मनगट धरलं.

ती मला शिवली. बाहेर बसलेल्या मुलीला ती तीन दिवस चुकूनही शिवत नसे, पदर लागला तर आंघोळ करायची. तिनं मनगट धरलं याचाच अर्थ तिला पटलं, की मी बाहेरची नाही. मला ओढून तिनं उभं केलं. मग मागच्या कुंपणावरची फडकी ओढून उलटसुलट करून पाहिली. सगळी स्वच्छ. माझ्या कपड्यांनाही तिनं हात घातला, बाईंच्या देखत, आणि मी तिला घालू दिला.

"मंग कसाले बसनी व्हती तू?" ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून तिनं तो गळ्यातच धरला होता. "तीन महिना! बोल!"

तिला काय वाटलं असेल ते लिहायची गरज नाही. मुलीची पाळी तीन महिने आली नाही, आणि मुलगी ते लपवायला दर महिन्याला खोटी बाहेर बसते. याचा अर्थ साऱ्या गावानं एकच लावला असता. आणि खरं काय होतं? खरं होतं झोप. पण ते त्या अंगणात कोणाला पटलं असतं? एक मुलगी आपणहून विटाळ अंगावर घेते, वरून टाकलेली भाकरी झेलून खाते, आणि कशासाठी, तर दळण चुकावं म्हणून? माझं मलाच ते खोटं वाटलं. आई मला हलवत होती. मी तोंड उघडलं आणि जे निघालं ते असं निघालं.

"बाईसनी सांगं."

बाईंनी सांगितलं म्हणून बसले, असं मी म्हटलं, आणि बाई तिथेच उभ्या होत्या. तीन हातांवर. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण त्यांची पावलं मला दिसत होती, धुळीनं भरलेली, दोन मैल चालून आलेली. त्यांनी 'नाही' म्हटलं असतं तर मी खोटी ठरले असते, आणि मग आईच्या मनात दुसरा एकच अर्थ उरला असता. हे मला आज कळतं. बाईंना ते तिथल्या तिथे कळलं.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं. घरी उगाच घोर नको म्हणून. पण तीन महिने झाले, मला राहवेना, म्हणून आज आले. चूक माझी आहे, तिला मारू नका. तूप द्या, दूध द्या. येईल परत."

वही आईच्या हातात राहिली होती. बाईंनी ती मागितली नाही. छत्री उचलून त्या गेल्या, आणि डोक्यावर ऊन असताना त्यांनी ती उघडली नाही, तशीच हातात धरून चालत राहिल्या. मला ते पडवीतून दिसलं.

आबा आल्यावर काय झालं ते थोडक्यात सांगते. सुईण आली, तिनं पोट दाबून पाहिलं आणि इतक्यात सांगता येत नाही म्हणाली. आबांना राग आला तो वहीचा. घरातल्या लेकीबाळींचा विटाळ एक परकी बाई शाईनं लिहून ठेवते, आणि वर पोरींना खोटं शिकवते! दुसऱ्या दिवशी वही घेऊन ते शाळेत गेले आणि मलाही नेलं. चालक मंडळींनी बाईंना विचारलं. बाईंनी अंगणात सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. मग मला विचारलं, खरं का? मी मान हलवली. एकदाच हलवली, पण पुरेशी होती. बाईंची नोकरी त्याच आठवड्यात गेली. पौषात जळगावच्या शर्यती झाल्या, आमच्या शाळेतून कोणी गेलं नाही. बाकीच्या मुलींनी माझ्याशी बोलणं टाकलं असं मागून कानावर आलं, पण ते बघायला मी शाळेत कुठे होते. "आते शाया बंद," असं आबांनी घरी आल्या आल्या सांगितलं होतं.

मग घरात एक चमत्कारिक महिना सुरू झाला. ज्या बाईला आईनं मनातून शिव्यांची लाखोली वाहिली, त्याच बाईचं औषध ती मला देत होती. सकाळी दूध, दोन्ही वेळच्या भाकरीवर तूप. दळायला स्वतः एकटी बसायची. मला कामाला हात लावू द्यायची नाही. आणि रोज पहाटे, जातं ओढायच्या आधी, माझ्या अंथरुणाशी येऊन विचारायची, "उनी का?"

मी म्हणायची, नाही. ती दिवा घेऊन जायची. मग जात्याचा आवाज सुरू व्हायचा. ती एकटी ओढायची तेव्हा जातं मध्येच थांबायचं, कारण तिच्या एका खांद्यात दुखायचं. हे मला आधी कधी माहीतच नव्हतं. दर महिन्याचे माझे ते तीन दिवस कोणाच्या खांद्यावर पडत होते, ते मला अंथरुणात पडून ऐकावं लागलं.

पौष सरत आला तेव्हा एके पहाटे तिनं विचारायच्या आधीच मी म्हटलं, "उनी." तिनं दिवा जवळ आणून पाहिलं. मग उंबऱ्यावर बसली आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडली. नंतर उठून तिनंच पडवी झाडली आणि गोणपाट अंथरलं. त्या तीन दिवसांत मी खरी बाहेर बसले. भाकरी वरून पडत होती, मी झेलत होते. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, कोणी तरी येऊन आपल्याला शिवावं.

चौथ्या दिवशी मी आईला म्हटलं, बाईंना सांगायला हवं. त्या बरोबर होत्या, निदान तेवढं तरी आबांनी शाळेत जाऊन सांगावं. आई चुलीत काडी सारत होती. "आते काय उपेग शे?" ती म्हणाली. "बाई गाव सोडी गयी." मी पुढे काही बोलले नाही. बोलायचं तर मग सगळंच बोलावं लागलं असतं, आणि माझ्या जिवावरचं नुकतंच टळलं होतं. भित्र्या माणसाला कारणं शोधावी लागत नाहीत, ती आपोआप सापडतात.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं, जामनेरला. सासरची बोली वेगळी. मी 'शे' म्हटलं की जावा तोंडाला पदर लावायच्या. माणसं वाईट नव्हती. मुलं झाली, पाळी दर महिन्याला येत-जात राहिली, तिच्याकडे कोणी वहीत लिहून ठेवण्याइतकं बघितलं नाही. धावले मात्र मी पुन्हा कधीच नाही.

जामनेरहून माहेरी जायचं तर छोट्या गाडीनं पाचोऱ्याला यायचं आणि तिथे मोठ्या गाडीसाठी खोळंबून बसायचं. लग्नाला तीनेक वर्षं झाली असतील, तेव्हा त्या छोट्या गाडीत धुळ्याकडची एक बाई भेटली. तिच्याकडून कळलं, की आमच्या बाई पाचोऱ्यातच असतात. कुठल्या शाळेनं घेतलं नाही, बाजारामागे एक खोली घेऊन मुलींना शिवण शिकवतात. स्टेशनापासून दहा मिनिटं.

दहा मिनिटं. पुढची नऊ वर्षं मी त्या फलाटावर तासन् तास बसले. जाताना बसले, येताना बसले. कधी कडेवर मूल होतं, कधी सोबत दीर होता, कधी ऊन फार होतं. एकदा तर मी स्टेशनाबाहेर बाजाराच्या तोंडापर्यंत गेले, केळी घेतली आणि परत आले. स्वतःची इतकी किळस मला दुसऱ्या कशानं आली नाही.

मग देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या वर्षी आई गेली. दिवसकार्य झाल्यावर भावजयीनं तिची पेटी माझ्यापुढे ठेवली, लेकीचा हक्क म्हणून. वर दोन लुगडी, खाली तिचा लग्नातला शालू. शालूच्या घडीत ती वही होती. आबांनी ती शाळेतून आणून चुलीत घाल म्हणून आईला दिली होती, हे मला आठवत होतं. तिनं घातली नव्हती. मी सात नंबरची ओळ काढली. ठिपके होते, मिनिटं होती. तीन घरं रिकामी होती, आणि तिसऱ्याच्या खाली बाईंच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'आईला भेटणे. तूप, दूध. मुलगी फार चांगली धावते.' आणि त्याच्या पुढच्या, चौथ्या घरात एक ठिपका होता. पेन्सिलीचा नव्हता. बोटानं लावलेला, कुंकवाचा, घराच्या थोडा बाहेर गेलेला.

माझ्या आईला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण बाईंचं बोट कुठून कुठे गेलं होतं, ते तिनं लक्षात ठेवलं होतं. ज्या पहाटे ती उंबऱ्यावर बसून रडली, त्याच दिवशी कधी तरी तिनं तो ठिपका लावला असणार. आणि मग वही घडीत घालून पेटी लावली असणार.

त्या खेपेला परतताना मी पाचोऱ्याला उतरले आणि फलाटावर बसलेच नाही. धुळ्यापासून चाळीसगाव, चाळीसगावपासून पाचोरा, मी वाक्यं जुळवत आले होते. बाई, मला क्षमा करा. बाई, मी तेव्हा लहान होते. यातलं दुसरं तर अर्धवट खोटंच होतं.

खोलीचं दार उघडं होतं. बाई शिवणाच्या यंत्रापाशी बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, नाकावर चष्मा. घड्याळ भिंतीवर खिळ्याला टांगलेलं होतं. त्यांनी पाय थांबवला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "सात नंबर."

मी दारातच उभी राहिले. त्यांनी चष्मा काढला आणि शिवणाच्या खोलीत विचारायच्या त्याच साध्या आवाजात विचारलं, "आली का गं परत?"

बारा वर्षं. एवढं सांगायलाही आमच्यापैकी कोणी त्यांच्याकडे गेलं नव्हतं. माझी जुळवलेली वाक्यं सगळी गेली. मी पिशवीतून वही काढली, पान उघडलं आणि चौथ्या घराशी बोट ठेवलं.

बाईंनी चष्मा परत लावला आणि वाकून पाहिलं. "हा ठिपका माझा नाही," त्या म्हणाल्या.

"आईनं लावला. कुंकू आहे."

"किती दिवसांनी आली?"

"महिन्यानं."

"तूप दिलं होतं?"

"रोज. दोन्ही वेळा."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर समाधान आल्यासारखं वाटलं, आणि तेच मला सहन होईना. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी बरोबर होते, हे तुझ्या आईला कळलं होतं तर."

"मला तर आधीपासूनच माहीत होतं, बाई," मी म्हटलं. "मी झोपेसाठी बसत होते. दळायला लागू नये म्हणून. तुमचं नाव मी घेतलं, तुमच्या देखत."

त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. क्षमा केली असंही म्हणाल्या नाहीत, आणि ते बरंच झालं. बाहेर छोट्या गाडीची शिटी झाली. मी जायला उठले तेव्हा त्यांनी वहीवर हात ठेवला होता.

"ही मी ठेवून घेऊ का?" त्यांनी विचारलं. त्यांचीच वही, आणि त्या मला विचारत होत्या.